प्रथमोपचार : पाठ आणि सराव

सरकी काढण्याच्या यंत्रांत एखाद्या कामकऱ्याचा हात सांपडतो. रक्त वाहूं लागतें, आणि भोंवतीं जमलेले दहा जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात. खामगांव ही कापसाची जुनी पेठ. उंद्रीच्या परिसरांतील कित्येकांचे आप्त अशा कारखान्यांत काम करीत असतील. म्हणून हा प्रश्न आमच्या घरचाच आहे, असें आम्ही समजतों.

१९४८ सालच्या कारखाना कायद्यानें दर १५० कामगारांमागें निदान एक प्रथमोपचार पेटी ठेवणें आवश्यक केलें, व ती शिक्षण घेतलेल्या प्रमाणपत्रधारक माणसाच्या स्वाधीन असावी, असेंहि सांगितलें. यांतील मर्म उघड आहे : पेटी आपण होऊन पट्टी बांधीत नाहीं.

असा माणूस तयार कसा व्हावा? ऐन हंगामांत कामगारांना पुष्कळ दिवस वर्गांत बसविणें कठीण. तेथें मोबाईलवरील ऑनलाईन धडे उपयोगी पडतात. वाहत्या जखमेवर स्वच्छ फडकें घट्ट दाबून धरावें. भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटें थंड पाणी सोडावें. विजेचा धक्का बसल्यास आधीं प्रवाह बंद करावा. साप चावल्यास जखम कापूं नये, चोखूं नये, आवळूनहि बांधूं नये. हें ज्ञान घरीं, सवडीनें, पुन्हां पुन्हां पाहतां येतें.

परंतु ज्ञान वेगळें व हातवटी वेगळी. श्वास व हृदय थांबलेल्या प्रौढ मनुष्याच्या छातीवर मिनिटास १०० ते १२० वेळां, पांच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा लागतो. हे आंकडे पडद्यावर पाठ होतात. तो दाब म्हणजे किती जोर, हें मात्र हातांनाच कळावें लागतें. याच सरावासाठीं नॉर्वे देशांतील खेळणीं बनविणारे आस्मुंड लेर्डाल यांनीं १९६० सालीं मनुष्याकृति पुतळा तयार केला. नवशिक्याचा दाब उथळ पडतो, गति चुकते, थोड्याच वेळांत दम लागतो. शेजारीं उभा असलेला शिक्षक कोंपर सरळ करवितो, तेव्हां चूक उमगते.

म्हणून आधीं पडद्यावर पाठ, मग वर्गांत सराव, हाच क्रम आम्हांस योग्य वाटतो. केवळ पडद्यावरील प्रश्न सोडवून मिळालेलें प्रमाणपत्र भिंतीस शोभा देईल, जखमीस आधार देणार नाहीं. पालकहो, आपल्या कारखान्यांत असें शिक्षण सुरू झाल्यास त्यांत प्रत्यक्ष सराव किती, हें अवश्य विचारावें. विद्यार्थीमित्रांनो, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, हें तुम्हांस ठाऊकच आहे. ती येईपर्यंतचीं मिनिटें मात्र जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातीं असतात.