केमोचा एकूण डोस आणि हृदय

५, २६ आणि ४८ टक्के. डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या केमोमुळे हार्ट फेल्युअर होण्याचं हे प्रमाण. आजवरचा एकूण डोस दर चौरस मीटरला ४०० मिलिग्रॅम झाला की ५ टक्के, ५५० ला २६ आणि ७०० ला ४८. संशोधक स्वेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये स्तनाच्या व फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६३० रुग्णांच्या नोंदींवरून हा अंदाज मांडला.

दर वेळी ६० मिलिग्रॅम धरले, तर चार सायकलमध्ये २४० होतात. काही वर्षांनी आजार हाडात किंवा यकृतात उलटला आणि पुन्हा चार सायकल दिल्या, की ४८०. सुटे पाहिले तर दोन्ही कोर्स बेताचेच. पण हृदयाकडे हिशेब एकच असतो. पहिला कोर्स एका शहरात, दुसरा दुसरीकडे, हे तर आपल्याकडे नेहमीचंच. म्हणून डिस्चार्ज कार्डावर एकूण डोस लिहून घ्यायलाच हवा.

दोन औषधांची जोडी आणखी अवघड. शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ४६९ रुग्णांवरची ट्रास्टुझुमॅब या दुसऱ्या कर्करोगाच्या औषधाची चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्सोरुबिसिनच्या गटातल्या केमोसोबत ते दिलं तेव्हा २७ टक्के रुग्णांच्या हृदयावर परिणाम झाला. ती केमो एकटी दिली तेव्हा ८ टक्के. पण त्याच चाचणीत ट्रास्टुझुमॅब मिळालेल्यांचं मध्यक (मेडियन) आयुर्मान सुमारे २० महिन्यांवरून २५ वर गेलं. म्हणजे भिऊन औषध नाकारणं हा उपाय नव्हे. पुढे डॉक्टरांनी ही दोन औषधं एकत्र देणं टाळायला सुरुवात केली.

खरी चूक घरी होते. धाप लागते, पावलं सुजतात, आडवं झालं की खोकला येतो, आणि सगळे म्हणतात, ‘केमोचा अशक्तपणा आहे.’ इथे इको करायला हवा. हृदयाचं पंपिंग १० अंकांनी घसरून ५० टक्क्यांखाली आलं, तर तो इशारा. मिलानमध्ये डॉक्सोरुबिसिनच्या गटाची केमो घेतलेल्या २,६२५ रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. ९ टक्क्यांच्या हृदयाला इजा झाली, तीही जवळजवळ सगळ्यांना पहिल्या वर्षातच. एनालाप्रिल आणि बीटा ब्लॉकर सुरू केल्यावर त्यातले ८२ टक्के सुधारले. पूर्ण पूर्ववत झाले ते मात्र ११ टक्केच.

इम्युनोथेरपी या केमोहून वेगळ्या उपचारात हृदयाच्या स्नायूला सूज येते ती शंभरात जेमतेम एकाला. पण ती आली तर निम्म्यापर्यंत रुग्ण दगावू शकतात आणि बहुतेकदा ती पहिल्या तीन महिन्यांतच येते. छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर पुढच्या डोसच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी करून घ्यावी.