रानपिंगळा हरवला, सापडला आणि मोजला गेला

तुमच्या गावात एखादे जुने चिंचेचे किंवा आंब्याचे झाड असेल, तर तिन्हीसांजेला त्याच्या ढोलीतून मान खालीवर करीत तुमच्याकडे रोखून पाहणारा पिंगळा तुम्ही पाहिला असेलच. पक्षी मैनेएवढा, पण आवाज साऱ्या आळीला ऐकू जाईल असा! या पिंगळ्याचा एक चुलतभाऊ आहे. त्याचे नाव रानपिंगळा. याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतातच. पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात. शेपटीवर रुंद पट्टे असतात. आणि गंमत अशी, की हा घुबडाच्या जातीचा असूनही दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो. तरीसुद्धा तब्बल ११३ वर्षे तो एकाही पक्षितज्ज्ञाला दिसला नाही!

आजच्या छत्तीसगडच्या भागात १८७२ साली ब्लुइट यांना हा पक्षी प्रथम मिळाला. पुढच्याच वर्षी ह्यूम यांनी ब्लुइट यांच्याच नावावरून त्याचे शास्त्रीय नाव ठेवले. त्यानंतर खानदेशात सरकारी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादे-तळोदे बाजूच्या रानातून काही नमुने गोळा केले. शेवटचा नमुना १८८४ सालचा. पुढे सारे सामसूम. जगभरच्या संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याचे अवघे सात नमुने उरले.

आता समजा, जगातील सर्व पक्ष्यांची एक मोठी वही तुमच्या हाती दिली आहे आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याची प्रकृती लिहायची आहे. रानपिंगळ्यापुढे तुम्ही काय लिहाल? ‘संपला’ असे?

अशी वही खरोखरच आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघ म्हणजे आय.यू.सी.एन. ही संस्था १९४८ साली स्थापन झाली आणि १९६४ पासून ती संकटातील जीवजातींची ‘लाल यादी’ ठेवते. आज या यादीत दीड लाखांहून अधिक जातींची नोंद आहे. एवढे काम एका कचेरीत बसून होणे शक्यच नाही. म्हणून ते वाटून दिलेले आहे. पक्ष्यांचा विभाग ‘बर्डलाइफ इंटरनॅशनल’कडे आहे. वनस्पतींच्या कामात लंडनजवळच्या क्यू येथील प्रसिद्ध वनस्पती उद्यानाचा मोठा वाटा आहे. बेडूक, मासे, वटवाघळे यांच्यासाठी त्या त्या विषयातील तज्ज्ञांचे गट आहेत. आणि या सर्वांच्या मुळाशी असतात ती रानात पायपीट करणारी माणसे. आपल्याकडच्या पक्ष्यांच्या बाबतीत हे काम मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे बी.एन.एच.एस.ने, फार केले आहे. ही संस्था १८८३ सालची, म्हणजे रानपिंगळा दिसेनासा झाला त्याच्या एक वर्ष आधीची!

इतकी माणसे एकत्र आली की मते निराळी होणारच. एकाला वाटेल पक्षी फार धोक्यात आहे, दुसरा म्हणेल तितकेसे काही नाही. म्हणून १९९४ साली सर्वांसाठी एकच मोजपट्टी ठरविण्यात आली. तिच्यातील एक नियम पाहा. एखाद्या जातीचे अंडी घालण्याच्या वयाचे २५० पेक्षा कमी जीव उरले असतील आणि संख्या घटत असेल, तर ती ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात जाते. २५०० पेक्षा कमी असतील आणि घट चालू असेल, तर ‘संकटग्रस्त’. ते जीव छोट्या छोट्या टोळ्यांत विखुरलेले आहेत की काय, यासारख्या आणखी अटीही आहेत. संख्या किती वेगाने घटली, राहण्याचा टापू किती उरला, यांचेही असेच आकडे ठरलेले आहेत. एकाने माहिती भरायची, दुसऱ्याने ती तपासायची. स्वतःच सोडविलेला पेपर स्वतःच तपासायची सोय इथे नाही.

‘नामशेष’ हा शेर मात्र सर्वांत जपून मारतात. शेवटचा जीवही मेला याबद्दल रास्त शंका उरता कामा नये, अशी अट आहे. कारण उघड आहे. एकदा जात संपली असे लिहिले की तिच्यासाठी कुणी पैसे खर्च करीत नाही, कुणी तिचे जंगल राखत नाही, आणि जिवंत असलेली जात खरोखरच मरून जाते. बर्डलाइफचे नायजेल कॉलर यांनी याला ‘रोमिओची चूक’ म्हटले आहे. ज्युलिएट मेली असे समजून रोमिओने प्राण दिला, ती जिवंत असताना! म्हणून शंभराहून अधिक वर्षे न दिसलेल्या रानपिंगळ्यापुढेही १९९४ साली ‘अतिसंकटग्रस्त’ असेच लिहिले होते.

शोध मात्र लागत नव्हता, आणि याला एक विलक्षण कारण होते. सात नमुन्यांपैकी एकावर चिठ्ठी होती : मांडवी, गुजरात, १९१४. नमुना मिळविणारे कर्नल माइनर्ट्‌झागेन हे पक्षिशास्त्रातील बडे नाव. त्यांच्यावर कोण संशय घेणार? अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी तो घेतला. त्यांनी मांडवी बाजूला ठेवले आणि ज्या नमुन्यांबद्दल शंका नव्हती तेवढ्यांच्याच जागा धुंडाळायचे ठरविले. बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट त्यांच्याबरोबर होते. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या टेकड्यांपाशी, उघड्या फांदीवर, त्यांना रानपिंगळा बसलेला दिसला. डेव्हिडसन यांच्याच मुलखात!

मग रासमुसेन आणि कॉलर यांनी माइनर्ट्‌झागेन यांचा नमुना बारकाईने तपासला. तो उसवून पुन्हा भरलेला होता, आणि त्याची मूळ बांधणी डेव्हिडसन यांच्या हातची निघाली. म्हणजे संग्रहालयातला जुना पक्षी उचलून त्याला नवी चिठ्ठी लावली होती! १९९९ साली हे प्रसिद्ध झाले आणि मांडवीची नोंद रद्द झाली. माझ्या मते पक्षी सापडण्याइतकेच हे मोलाचे काम आहे. वहीत खोटी नोंद असली की पुढचा माणूस चुकीच्या रानात भटकतो.

एक पक्षी दिसला म्हणजे मोजणी झाली असे नव्हे. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी बी.एन.एच.एस.तर्फे सातपुड्याच्या रानांत पाहणी केली. या कामाची रीत मोठी मजेची आहे. ध्वनिमुद्रित केलेली रानपिंगळ्याची हाक रानात वाजवायची आणि कान देऊन थांबायचे. आपल्या हद्दीत दुसरा कोण आला, म्हणून तिथला धनी उत्तर देतो! तळोदे, तोरणमाळ, मेळघाट आणि मध्यप्रदेशातील खकनार अशा चार ठिकाणी मिळून २५ पक्षी आढळले. पुढील वर्षांत आणखी माणसांनी आणखी राने पाहिली. २०१४ साली तर मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यात रानपिंगळा सापडला. सातपुड्यापासून इतक्या दक्षिणेला तो असेल असे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. गुजरातेतील डांगच्या जंगलांतूनही नोंदी आल्या.

हे सारे कागद बर्डलाइफकडे एकत्र झाले, तपासले गेले आणि मोजपट्टी पुन्हा लावण्यात आली. अंदाज आला २५० ते ९९९ प्रौढ पक्ष्यांचा. वरचा नियम आठवा, म्हणजे उत्तर तुम्हालाच काढता येईल. २०१८ साली रानपिंगळा ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला.

ही बातमी वाचून पक्षी वाढले, असे पुष्कळांना वाटले. तसे नाही बरे का! वर्ग बदलला की त्याचे कारणही लिहावे लागते : जातीची स्थिती खरोखर बदलली, की आपली माहिती सुधारली? रानपिंगळ्याच्या बाबतीत दुसरे कारण खरे आहे. पक्षी त्या रानांत आधीपासूनच होते, तिथे जाऊन कुणी पाहिले नव्हते. झाडे तुटत आहेत, रानाची शेते होत आहेत. म्हणूनच नव्या नोंदीतही, संख्येचा कल दाखविणाऱ्या रकान्यात, शब्द आहे : ‘घटती’.