आब्रुत्सोच्या डोंगरांतून : कोकुल्लोचे साप

  इटलीतल्या आब्रुत्सोच्या कोकुल्लो गावाचा आणि तिथल्या सापांच्या सणाचा उल्लेख मी जाता जाता केला आणि सांगलीहून एका वाचकांचं पत्र आलं. संताच्या मूर्तीवर जिवंत साप सोडतात म्हणता, मग त्यांचे दात काढतात का? आणि तिथला कायदा हे चालू कसं देतो? नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या बत्तीस शिराळ्याच्या शेजारून आलेला हा प्रश्न दोन ओळींत उरकण्याजोगा नाही.

दात काढत नाहीत. तशी गरजच नाही, कारण सणात असतात ते सगळे बिनविषारी. त्यांतला मानाचा साप चेर्वोने. अंगावर लांबच लांब चार गडद पट्टे, लांबी दीड मीटर किंवा त्याहून जास्त, खाणं उंदीर आणि पाखरांची अंडी. हा साप गुरांच्या पायांना वेढा घालून दूध पितो, असं तिकडचे जुने गुराखी सांगत. आपल्याकडे धामणीवर नेमका हाच आळ आहे! दोघंही निर्दोष आहेत. सापाला दूध ओढून पिताच येत नाही.

गावात साप धरणाऱ्यांना सेर्पारी म्हणतात. मार्च सरत आला की दगडी गडग्यांच्या फटींतून साप उन्हाला येतात, थंडीने अजून सुस्तावलेले असतात, तेव्हाच त्यांना हातांनी धरायचं. सणाच्या दिवशी चौकात एका दहा-बारा वर्षांच्या मुलीने माझ्या हातात चेर्वोने दिला. देण्याआधी तिने माझी मूठ उघडायला लावली आणि मनगट हलवून सैल करून घेतलं. आवळायचं नाही, नुसता खालून आधार द्यायचा. मग तो एका हातावरून दुसऱ्या हातावर आपणहून सरकत राहतो. कातडी कोरडी आणि उन्हाने कोमट झालेली होती.

आता कायदा. इटलीत हे साप संरक्षित आहेत, म्हणून सणासाठी ते धरायला सरकारची खास परवानगी लागते. सर्पतज्ज्ञ गावात येऊन बसतात. प्रत्येक सापाची लांबी-वजन घेतात, प्रकृती तपासतात, कातडीखाली मायक्रोचिप बसवतात. सण झाला की साप जिथे सापडला तिथेच नेऊन सोडायचा. पुढे कधी तोच पुन्हा हाती लागला, तर मधल्या काळात तो किती वाढला हे लगेच कळतं. शिराळ्यातली गोष्ट निराळी. तिथे नाग, म्हणजे जहाल विषारी; वन्यजीव कायदा आणि उच्च न्यायालयाचा आदेश यांमुळे जिवंत नागांची मिरवणूक बंद झाली. दोन्ही गावांना एका तागडीत घालू नये असं मला वाटतं. पण जेमतेम दोनशे वस्तीच्या डोंगराळ गावाकडे आपल्या रानातल्या सापांची अशी चोख नोंदवही असावी, याचा मला मनापासून हेवा वाटतो.

ज्यांच्या मूर्तीवर हे साप सोडतात ते संत दोमेनिको ९५१ साली फोलिन्योत जन्मले आणि १०३१ मध्ये सोरा इथे वारले. कोकुल्लोला त्यांनी आपली एक दाढ आणि आपल्या खेचराचा नाल दिला, असं गाव मानतं. त्या दाढेमुळे ते दातदुखीवरही पावतात. भाविक देवळातल्या घंटेची साखळी दातात धरून ओढतात आणि घंटा वाजवतात.

या साऱ्याचं मूळ या भागातल्या प्राचीन मार्सी लोकांच्या अंजित्सिया देवीत आहे, असं बहुतेक प्रवासवर्णनांत ठोकून दिलेलं असतं. फुचिनो सरोवराच्या काठी तिची देवराई होती, आणि मार्सींना सापांची विद्या येते असं रोमन लोक मानत. व्हर्जिलच्या महाकाव्यात असा एक मार्सी पुरोहित आहेच. तरी देवीकडून संताकडे काढलेली ती सरळ रेघ मला फार सोयीची वाटते. मधली हजार वर्षं कोणी भरून दाखवत नाही. उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्यांना सापाची भीती होती, तेवढं कारण मला पुरतं. देवळात संताच्या मूर्तीमागची माती आजही लोक पुड्यांत बांधून नेतात आणि साप फिरकू नये म्हणून शेतात टाकतात.

पत्रात सणाची तारीखही विचारली आहे. पूर्वी मे महिन्याचा पहिला गुरुवार असे, २०१२ पासून १ मे. मूर्ती दुपारी बाराच्या सुमाराला देवळाबाहेर येते. रोम-सुल्मोना रेल्वेमार्गावर कोकुल्लोचं स्थानक आहे. त्या दिवशी घाटात गाड्यांची रांग लागते, तेव्हा रेल्वेनेच जावं.