बातमी कुठून सुरू होते?

बातमी वाचताना : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण मतदानोत्तर चाचण्यांच्या बातम्या तपासल्या. या आठवड्याचा विषय त्याहून अवघड आहे : बायकांचा इंटरनेटवर होणारा छळ आणि त्याच्या बातम्या. इथे पक्षपात आकड्यांपेक्षा वाक्यांमध्ये जास्त असतो आणि त्याहूनही जास्त असतो बातमी न छापण्यात.

आधी एक मथळा पाहू. तो मी नमुन्यादाखल तयार केला आहे, पण रोज पेपर वाचणाऱ्याला ओळखीचा वाटेल. ‘सोशल मीडियावरील ओळख पडली महागात; तरुणीचे फोटो व्हायरल’. यात गुन्हेगार शोधून पाहा, सापडणार नाही. ओळख महागात पडली, म्हणजे चूक ओळख वाढवणारीची. फोटो व्हायरल झाले, जणू आपोआप. आता त्याच घटनेचा दुसरा मथळा : ‘लग्नाला नकार दिला म्हणून तरुणीचे फोटो पसरवले, तरुणाला अटक’. जागा जवळपास तेवढीच लागली, पण कोणी काय केले आणि का केले, हे कळले. पहिला मथळा देणाऱ्या उपसंपादकाच्या मनात काही वाईट असते असे मी म्हणत नाही. रात्री पान सोडायची घाई असते, पोलिसांची प्रेसनोट समोर असते आणि ‘पडले महागात’ हा साचा हाताशी तयार असतो. पण साचा कोणाच्या बाजूने झुकलेला आहे, हे वाचकाने बघायलाच हवे.

‘वादग्रस्त पोस्टनंतर अभिनेत्री ट्रोल’ हाही तसाच साचा. ‘नंतर’ हा शब्द इथे ‘म्हणून’चे काम करतो. शिवाय ‘ट्रोल’ या एकाच शब्दात थट्टाही बसते आणि बलात्काराची धमकीही. पहिली सहन करता येते, दुसरी गुन्हा आहे. धमकीच काय, बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही इंटरनेटवरून तिचा पिच्छा पुरवणे हाही २०१३ पासून भारतीय दंड संहितेत गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. बातमीत नेमके काय घडले ते न सांगता नुसते ‘ट्रोल झाली’ म्हटले, तर वाचकाला गुन्हा दिसतच नाही.

शब्दांचा पक्षपात पकडणे तरी सोपे. बातमी कधी सुरू झाली आणि तिच्यात कोणाला बोलायला मिळाले, हा पक्षपात पकडायला जास्त चिकाटी लागते. त्यासाठी एक प्रकरण नीट उलगडून पाहू. त्याचा एक धागा मुंबईचा आहे.

जुलै २०२१ मध्ये ‘गिटहब’ या संकेतस्थळावर ‘सुल्ली डील्स’ नावाचे अ‍ॅप दिसले. मुस्लिम बायकांचे त्यांनी स्वतः समाजमाध्यमांवर टाकलेले फोटो उचलून त्यांना ‘आजची डील’ म्हणून विक्रीला ठेवल्याचे नाटक त्यात होते. अ‍ॅपचे नावच मुस्लिम बायकांना दिलेली शिवी होती. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, एक वैमानिक होती. दिल्ली पोलिसांनी त्याच महिन्यात गुन्हा नोंदवला, पण पुढचे सहा महिने कोणालाही अटक झाली नाही. जुलैत बातम्या आल्याच नाहीत असे नाही. काहींनी त्या बायकांशी बोलून सविस्तर लिहिले. पण देशभर मोठे मथळे झाले ते जानेवारीत.

१ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ हे दुसरे अ‍ॅप आले. पद्धत तीच, बायका शंभराहून जास्त. पत्रकार इस्मत आरा यांनी दिल्ली पोलिसांकडे तक्रार केली आणि आपला फोटो तिथे असल्याचे जाहीरपणे सांगितले. दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठातून २०१६ साली बेपत्ता झालेल्या विद्यार्थ्याच्या वृद्ध आईचाही फोटो त्यात होता. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने गुन्हा नोंदवून काही दिवसांतच बंगळुरूचा एक इंजिनीअरिंगचा विद्यार्थी आणि उत्तराखंडमधली एक अठरा वर्षांची मुलगी यांना पकडले. पाठोपाठ दिल्ली पोलिसांनी आसामातल्या जोरहाटमधून एकाला आणि जुन्या अ‍ॅपच्या प्रकरणात इंदूरमधून एकाला अटक केली.

अटक होऊ लागली तसा बातमीचा रोख बदलला. आरोपी कुठे शिकतो, त्याचे वडील काय करतात, शेजारी काय म्हणतात, हे रोज येऊ लागले. उत्तराखंडच्या मुलीला अनेकांनी पोलिसांच्या हवाल्याने ‘मास्टरमाइंड’ म्हटले. दोन-तीन दिवसांत दिल्ली पोलिसांनी जोरहाटचा तरुणच मुख्य सूत्रधार असल्याचे सांगितले आणि मथळे तिकडे वळले. दोन शहरांच्या पोलिसांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही त्या-त्या दिवशी जवळपास वस्तुस्थिती म्हणून छापल्या गेल्या. त्या मुलीचे आई-वडील वारल्याचे समजल्यावर गीतकार जावेद अख्तर यांनी ज्यांचे फोटो वापरले त्या बायकांनी तिला समजावून सांगावे, क्षमा करावी असे सुचवले. त्यावरही चर्चा झाली.

आरोपींच्या परिस्थितीबद्दल लिहू नये, असे माझे म्हणणे नाही. अठरा-एकवीस वर्षांची मुले हे का करतात, हे कळलेच पाहिजे. पण तराजूचे दुसरे पारडे पाहा. फोटो लावलेल्या बायकांचे पुढे काय झाले? किती जणींनी खाते बंद केले, किती जणींना घरच्यांनी फोन ठेवायला लावला, जुलैमध्ये तक्रार दिली त्यांना ठाण्यातून सहा महिने काय उत्तर मिळत होते? हे प्रश्न विचारणाऱ्या बातम्या शोधाव्या लागल्या. जुलैनंतर डिसेंबरपर्यंत अटक नव्हती, म्हणून मोठी बातमीही नव्हती. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोठा पक्षपात हाच : मोठी बातमी बाईच्या तक्रारीपासून सुरू झाली नाही, ती पोलिसांच्या पत्रकार परिषदेपासून सुरू झाली.

काही ठिकाणी तर नुसते ‘महिलांची बदनामी’ असे लिहून या सगळ्या मुस्लिम होत्या ही गोष्टच बाजूला ठेवली गेली. ती बाजूला ठेवता येत नाही. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळातले, ९५ स्त्री राजकारण्यांचा उल्लेख असलेले १,१४,७१६ ट्वीट तपासले होते. त्यातले १३.८ टक्के आक्षेपार्ह किंवा शिवीगाळीचे निघाले, आणि मुस्लिम राजकारणी बायकांना धर्मावरून वा वंशावरून होणारी शिवीगाळ इतर धर्मांच्या बायकांपेक्षा ९४.१ टक्क्यांनी अधिक होती. ज्या बायकांची निवड धर्म पाहून झाली, त्यांच्या बातमीतून धर्म काढून टाकला तर निम्मी बातमीच निघून जाते.

बातमीत कोणाला जागा मिळते, याचे आणखी एक उदाहरण. नोव्हेंबर २०२३ मधला अभिनेत्री रश्मिका मंदानाचा बनावट व्हिडिओ आठवत असेल. लिफ्टमध्ये शिरणाऱ्या एका बाईच्या धडावर तिचा चेहरा बसवला होता. चर्चा झाली ती रश्मिकाची. ते धड जिचे होते ती ब्रिटनमध्ये राहणारी भारतीय वंशाची तरुणी होती. तिचा व्हिडिओ तिला न विचारता वापरला होता आणि तिने तसे सांगितलेही. बातम्यांमध्ये तिला एखादी ओळ मिळाली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी आंध्र प्रदेशातल्या एका तरुणाला पकडले. रश्मिकाच्या चाहत्यांचे पेज चालवायचा, फॉलोअर वाढावेत म्हणून व्हिडिओ केला, असे पोलिसांनी सांगितले. लगेच मथळ्यांत तो ‘चाहता’ झाला. आरोपीने कोठडीत सांगितलेला हेतू बातमीत अवतरणचिन्हांशिवाय आला की सावध व्हावे.

आकड्यांबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात ६५,८९३ सायबर गुन्हे नोंदवले गेले. अशा बातमीसोबत लॅपटॉपसमोर डोके धरून बसलेल्या मुलीचे चित्र लागते, पण त्यातले जवळपास दोन तृतीयांश गुन्हे पैशाच्या फसवणुकीचे होते. आणि जी ठाण्यात गेलीच नाही, ती या आकड्यात नाही. बायकांची बाजू मांडणाऱ्या आकड्यांचेही असेच होते. युनेस्कोसाठी झालेल्या एका जागतिक पाहणीत ७३ टक्के स्त्री पत्रकारांनी इंटरनेटवर हिंसा सोसल्याचे सांगितले. हे प्रमाण उत्तरे देणाऱ्या ७१४ जणींचे आहे, जगातल्या सगळ्या स्त्री पत्रकारांचे नाही. ज्या बाजूबद्दल आपल्याला आस्था आहे, तिचा आकडाही तपासूनच घ्यावा. नाहीतर उद्या तोच आकडा खोडून कोणीतरी सगळा प्रश्नच खोटा ठरवतो.

या आठवड्यात तुमच्या पेपरातली अशी एक बातमी कापून घ्या. पोलीस आणि आरोपी यांच्याबद्दलच्या ओळींखाली लाल रेघ ओढा, त्या बाईने सोसलेल्या आणि सांगितलेल्या गोष्टींखाली निळी. मग ओळी मोजा. बातमीतली पहिली तारीख छळ सुरू झाल्याची आहे की अटकेची, तेही पाहा. काही खटकले तर ते नेमके दाखवून संपादकांना पत्र लिहा. कात्रणासह आलेले पत्र बाजूला सारणे कठीण असते. एक प्रत आमच्याकडेही पाठवा, पुढच्या भागात त्यांतली निवडक कात्रणे घेऊ. पाठवण्यापूर्वी त्या बाईचे नाव आणि फोटो मात्र काळ्या शाईने झाका.