उन्हाळ्यातच झटका का बसतो?

विद्यार्थी मित्रांनो, आज एका कोड्याने सुरुवात करू.

आमच्या पुसदमधील एका पिठाच्या गिरणीवर माझा एक विद्यार्थी मे महिन्याच्या सुट्टीत काकांच्या मदतीला बसत असे. एके दिवशी तो घरी आला आणि म्हणाला, "सर, गिरणीच्या लोखंडी सांगाड्याला हात लावला की मुंग्या येतात. काका म्हणतात, दर उन्हाळ्यात येतात. मृगाचा पाऊस पडला की आपोआप जातात. असं कसं?"

गिरणी तर उत्तम चालत होती. दळण बारीक येत होते, मोटार कुरकुरत नव्हती, फ्यूज उडत नव्हता. त्यामुळे काकांना काळजीचे कारण दिसत नव्हते. पण ओल असली की झटका जास्त, असे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे तर कोरड्या दिवसांत झटका आणि पावसात शांतता! दुसऱ्या दिवशी एका परवानाधारक वायरमनला सोबत घेऊन आणि दोन मापक उपकरणे घेऊन आम्ही गिरणीवर गेलो. आधी मुख्य स्विच बंद केला.

मातीला विचारलेला प्रश्न

यंत्राच्या सांगाड्यापासून एक जाड तार जमिनीत पुरलेल्या लोखंडी नळापर्यंत जाते. हेच अर्थिंग. यंत्राच्या आत वीज सांगाड्यावर उतरली, तर तिला माणसाच्या शरीराऐवजी जमिनीत जाण्याची सोपी वाट मिळावी, हा त्याचा हेतू. ही वाट जितकी सोपी, म्हणजे तिचा रोध जितका कमी, तितके बरे.

पण मातीचा रोध मोजायचा कसा? नळाची तार यंत्रापासून सोडवून ती मापकाला जोडतात. सुमारे ३० मीटर दूर एक खुंटी आणि त्या अंतराच्या मध्याच्या थोडी पुढे दुसरी खुंटी ठोकतात. नळ आणि दूरची खुंटी यांतून प्रवाह सोडायचा. नळ आणि मधली खुंटी यांतील विद्युतदाब मोजायचा. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळाला. तुमचा ओहमचा नियमच तो! आमच्या मापकाने दाखवले २० ओहम.

जुलैत भरपूर पाऊस झाल्यावर तेच माप पुन्हा घेतले, तेव्हा आले ५ ओहम. मधल्या काळात आम्ही त्या नळाला हातही लावला नव्हता. मग फरक कशाने पडला? आपल्या काळ्या मातीने. मातीतून वीज वाहते ती मुख्यतः ओलाव्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि नळाला घट्ट बिलगते. वैशाखात ती आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि माती नळापासून सुटते. ओलावा गेला आणि स्पर्शही गेला.

निरोधनाची परीक्षा

दुसरे उपकरण मेगर. तारेवरच्या निरोधक आवरणाचा रोध त्याने मोजतात. विजेची वाहिनी आणि सांगाडा यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा दिष्ट दाब एक मिनिट लावायचा. रोध निदान १ मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम यायला हवा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत हाच दंडक होता. आमच्या मेगरचा काटा मात्र शून्याला चिकटला! मोटारीची जोडपेटी उघडली, तर एका तारेचे आवरण जळून कोळशासारखे झाले होते. साध्या ओहममापकाने त्या जागेचा रोध भरला ९५ ओहम.

आता हिशेब करा

फेज आणि जमीन यांत २३० व्होल्ट दाब धरू. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा अल्प रोध सोडून देऊ. मे महिन्यात वाटेतला एकूण रोध ९५ अधिक २०, म्हणजे ११५ ओहम. प्रवाह २ अँपिअर. म्हणून सांगाड्यावरचा दाब २ गुणिले २०, म्हणजे ४० व्होल्ट. पावसाळ्यात एकूण रोध १०० ओहम, प्रवाह २.३ अँपिअर आणि सांगाड्यावर साडेअकरा व्होल्ट. एवढा दाब हाताला जाणवत नाही. कोडे सुटले! गळती बाराही महिने होतीच. पाऊस तिला बरी करत नव्हता, फक्त झाकत होता.

"पण ४० व्होल्टने नुसत्या मुंग्याच येतात ना?" असे तुम्ही विचाराल. कोरड्या हाताने, होय. पण हात घामाने भिजलेला आणि पायाखाली ओल असेल, तर शरीराचा रोध दोन हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. मग प्रवाह होईल २० मिलिअँपिअर. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून पाहिले होते, की सुमारे १६ मिलिअँपिअरला सरासरी पुरुषाचे स्नायू असे आखडतात की धरलेली तार त्याला सोडता येत नाही. स्त्रियांसाठी हा आकडा सुमारे साडेदहा आहे.

याहून वाईट काय झाले असते? ते आवरण पुरते जळून रोध ९५ ऐवजी जवळजवळ शून्य झाला असता. पावसाळ्यात २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर प्रवाह वाहून १६ अँपिअरचा फ्यूज उडाला असता. मे महिन्यात मात्र २३० भागिले २०, म्हणजे अवघे साडेअकरा अँपिअर. फ्यूज शाबूत, मोटार चालू आणि सांगाड्यावर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट! अर्थिंग असूनही माणूस गेला असता.

आणि आग? २ अँपिअरचा वर्ग गुणिले ९५, म्हणजे ३८० वॉट उष्णता त्या लहानशा पेटीत तयार होत होती. पिठाच्या धुळीत हे धोक्याचे. आपल्या भागातल्या जिनिंगमध्ये, जिथे रुईचे तंतू हवेत उडत असतात, तिथे तर विचारूच नका. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळे दगावली. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या सुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. तपासणी अशा घटनेची वाट पाहणारी नसावी.

परीक्षा कठीण दिवशी

या गोष्टीतून एक सोपा धडा मिळतो. अर्थिंगची खरी परीक्षा उन्हाळ्यात, कारण तेव्हा माती सर्वांत कोरडी असते. निरोधनाची खरी परीक्षा पावसाळ्यात, कारण दमट हवेत त्याचा रोध घसरतो. ज्याची त्याची परीक्षा त्याच्या वाईट ऋतूत घ्यावी. पावसाळ्यात अर्थिंग मोजून 'उत्तम' असा शेरा मारणे म्हणजे उत्तरपत्रिका हातात देऊन परीक्षा घेण्यासारखे आहे.

आता गळतीरक्षक स्विच मिळतात. ३० मिलिअँपिअर गळती झाली की ते क्षणार्धात वीज तोडतात. या गिरणीत तो असता, तर २ अँपिअरची गळती एक क्षणही टिकली नसती. त्यावर 'टी' अक्षराचे बटण असते. ते दाबून स्विच पडतो का हे अधूनमधून पाहायचे असते. मात्र त्याने स्विचची परीक्षा होते, अर्थिंगची नव्हे.

काकांनी तार बदलली, असा स्विच बसवला आणि नळाजवळ दुसरा नळ पुरून दोन्ही जोडले. पुढच्या मे महिन्यात माप आले ८ ओहम. गिरणीच्या भिंतीवर आता एक पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर दर मे आणि दर ऑगस्टचे आकडे तारखेसह लिहिलेले असतात.

मित्रांनो, तुम्ही कोणतीही पेटी उघडू नका. ते परवानाधारकाचे काम. पण शाळेत, दुकानात, वडिलांच्या कारखान्यात दोन प्रश्न विचारायला परवाना लागत नाही: अर्थिंग शेवटचे कधी मोजले? आणि आकडा किती आला? "सगळं व्यवस्थित चालू आहे की!" असे उत्तर मिळाले, तर समजा की मोजलेलेच नाही. ती गिरणीही व्यवस्थित चालू होती.