नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

बँकेत, पोस्टात, विम्याच्या फॉर्मवर एक शब्द हमखास भेटतो: नॉमिनी. आपण त्याला सरळ वारस म्हणून टाकतो. फॉर्म भरून देणाराही विचारतो, "वारस कोण लावू?" घोटाळा तिथूनच सुरू होतो.

इंग्रजीत नॉमिनी म्हणजे ज्याचं नाव पुढे केलं तो, एवढंच. ग्रामपंचायतीला उभं राहताना आपण भरतो तेही नामनिर्देशनपत्रच. अर्ज भरला म्हणून कुणी लगेच सदस्य होत नाही ना? तसंच हे.

खातेदार गेल्यावर बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे, ते नॉमिनीच्या नावावरून ठरतं. त्याला पैसे दिले की बँक मोकळी. पण तेवढ्याने तो मालक होत नाही. खऱ्या वारसांचे म्हणून त्याने ते सांभाळायचे असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याच्या पैशाबद्दल आणि २०२३ मध्ये शेअर्सबद्दल असंच सांगितलं. (आयुर्विम्यात आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील, तर २०१५ च्या बदलाने त्यांची बाजू भक्कम झाली आहे. तो विषय वेगळा.)

समजा, एकाने लग्नाआधी खातं काढलं आणि धाकट्या भावाला नॉमिनी केलं. पुढे लग्न झालं, दोन लेकरं झाली, नाव तेच राहिलं. तो अचानक गेला. बँक पैसे भावाला देणार, त्यात बँकेची चूक नाही. दीर म्हणतो, "कागदावर माझं नाव आहे." आणि वहिनी डोळे पुसून गप्प बसते.

तिने का गप्प बसावं? मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि हयात असेल तर मयताची आई, सगळ्यांना सारखा वाटा. ही माणसं असताना भावाला काहीच नाही. दीर ऐकत नसेल, तर तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. तिथे बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आज घरी गेल्यावर सगळी पासबुकं काढा, आपलंही. नॉमिनीची जागा कोरी असेल किंवा नाव जुनं असेल, तर बँकेतून फॉर्म आणा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात. फॉर्मवर सही मात्र खातेदाराचीच लागते, म्हणजे तो जिवंत असतानाच हे काम होतं.