पीडीएफच्या कुलपाची बनावट

पीडीएफ दस्तऐवजाला दोन वेगवेगळे पासवर्ड लावता येतात, आणि या दोहोंतील फरक ध्यानात न घेतल्यामुळेच अशा संरक्षणावर नको इतका भरवसा ठेवला जातो. पहिल्या पासवर्डाशिवाय फाइल उघडतच नाही. दुसरा, म्हणजे मालकाचा पासवर्ड, फाइल उघडण्याच्या आड येत नाही, तर छपाई, मजकुराची नक्कल आणि फेरफार यांवरील निर्बंध कोणाला बदलता येतील एवढेच ठरवतो. कार्यालये, प्रकाशक आणि शिकवणी वर्ग आपले साहित्य ‘लॉक’ करतात, तेव्हा बहुधा हा दुसराच पासवर्ड वापरलेला असतो.

हे निर्बंध फाइलमध्ये ३२ बिटांच्या एका संख्येच्या रूपाने नोंदलेले असतात. बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एक खूण. तिसरे बिट छपाईचे, चौथे फेरफाराचे आणि पाचवे नक्कल करण्याचे असते. पाचव्या जागी शून्य आढळले की नियम पाळणारी वाचनप्रणाली ‘कॉपी’ची आज्ञा बंद करते. मजकूर कूटबद्ध असतो हे खरे, परंतु उघडण्याचा पासवर्ड ठेवलेला नसल्यास कूट सोडवण्याची किल्ली कोऱ्या पासवर्डावरूनच तयार होते, आणि अक्षरे पडद्यावर उमटण्यापूर्वीच ती संगणकाच्या स्मृतीत उलगडलेली असतात. त्यानंतर त्या शून्याचा मान राखणे सर्वस्वी वाचनप्रणाली लिहिणाऱ्याच्या हाती राहते. जुन्या आवृत्त्यांत ही संख्या किल्ली तयार करतानाही वापरली जात असल्याने ती नुसती बदलून भागत नाही. पण उलगडलेला मजकूर घेऊन निर्बंधाविना नवी फाइल लिहिणाऱ्या प्रणालीला तिची अडचण होत नाही. किल्ली ४० बिटांची असो वा नव्या आवृत्तीतील २५६ बिटांची, या मूळ रचनेत फरक पडत नाही. थोडक्यात, हे कुलूप नसून ‘कृपया आत येऊ नये’ अशी पाटी आहे.

पाटीला बळ येते ते कायद्याने. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम ६५अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची आणि दंडाची तरतूद आहे.

मराठी मजकुराला मात्र कोणी न लावलेले आणखी एक कुलूप पुष्कळदा लागलेले असते. युनिकोडपूर्व फाँटमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेले असल्याने, अशा फाइलमधून उचललेला परिच्छेद दुसरीकडे चिकटवताच निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग होतो. युनिकोड फाँट असूनही आकारापासून अक्षराकडे नेणारी सारणी सदोष असेल, तर जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच व्यंजनाला जाऊन चिकटते. या दोषाला संरक्षण समजणे चुकीचे आहे, कारण त्याच फाइलमध्ये शब्द शोधणेही अशक्य होते. पाने चित्ररूपात देण्याचा सर्रास वापरला जाणारा उपाय याहून वाईट ठरतो: प्रतिमेतून अक्षरे ओळखणाऱ्या प्रणाली आता देवनागरीही वाचतात, त्यामुळे नक्कल करणारा अडत नाही, आणि पडद्यावरील मजकूर आवाजात ऐकणाऱ्या अंध वाचकाला मात्र तोच दस्तऐवज मुका होतो.

दिसणारा मजकूर उचलला जाणारच, हे गृहीत धरले की निदान त्यात बदल झाला तर तो कळावा, ही मागणी उरते, आणि ती डिजिटल स्वाक्षरी चोख पुरी करते. सही करताना फाइलमधील बाइटांवरून हॅश नावाची ठरावीक लांबीची संख्या काढतात आणि सही करणाऱ्याच्या खासगी किल्लीने तिच्यावर स्वाक्षरी होते. पुढे एक अक्षर जरी बदलले तरी नव्याने काढलेला हॅश जुळत नाही व पडताळणी फसते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने अशा स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली असून महाराष्ट्रातील डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा याच आधारावर दिला जातो. मात्र त्याची छापील प्रत काढली की स्वाक्षरी फाइलमध्येच राहते आणि कागदावर उरते ते केवळ तिचे चित्र, म्हणून अशी प्रत हाती आल्यास तिच्यावरील पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून मूळ उताऱ्याशी ती ताडून पाहावी.